पाच हजारांतला स्वल्पविराम

माझ्या सासूबाई शेजारणींना माझी नोकरी एका वाक्यात समजावून सांगायच्या, "ती कॉम्प्युटरला हद्द आखून देते." मी त्यांना पुष्कळदा दुरुस्त करायचा प्रयत्न केला. सॉफ्टवेअर, प्रोग्रामिंग, युनिक्स असे शब्द वापरून पाहिले. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या हळदीकुंकवाला पुन्हा तेच सांगायच्या. आता निवृत्त झाल्यावर वाटतं, बायोडेटात मी जे पानभर लिहीत असे त्यापेक्षा सासूबाईंचं वाक्यच जास्त खरं होतं.

दोन हजार सालाच्या आगेमागे मी वसई पूर्वेला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात खाली स्टीलच्या डब्यांचा कारखाना आणि वरच्या मजल्यावर आम्ही. खाली झाकणं ठोकायला सुरुवात झाली की वर फोनवर बोलणं बंद व्हायचं, त्यामुळे गिऱ्हाइकांच्या तक्रारी आम्ही झाकणांच्या सुट्टीत ऐकायचो. मी जवळच्याच एव्हरशाईन सिटी या वसाहतीत राहायचे. माझ्या टेबलासमोर रॉनी बसायचा. तो वसईजवळच्या गास गावचा, घरी भाजीचा आणि फुलांचा मळा. हुशार, पण बोलायला कंजूष. आणि काचेच्या केबिनमध्ये आमचे मालक, श्रीनिवास खानोलकर साहेब. बारा महिने सफारी सूट.

कंपनीचा मूळ प्रोग्राम साहेबांनी तरुणपणी स्वतः लिहिला होता. त्याला ऑफिसात 'साहेबांचा कोड' म्हणत. त्याच्या आजूबाजूला काय हवं ते बांधा, पण त्याला हात लावायचा नाही, असा अलिखित नियम होता. त्या कोडातच तो भाग होता ज्याने पुढे माझं नशीब घडवलं.

तो भाग काय करायचा ते सांगते, कारण त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही. एका यंत्रावर एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालू असतात. त्यातल्या एकाने सगळंच बळकावू नये म्हणून यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येकाला मर्यादा घालते. एका वेळी इतक्याच फाइली उघडायच्या, इतकीच मेमरी वापरायची, स्वतःच्या इतक्याच प्रती काढायच्या. मर्यादा दोन प्रकारच्या. एक सौम्य, जी प्रोग्रामला स्वतःची स्वतः वाढवता येते. दुसरी कडक, जिच्यापलीकडे सौम्य जाऊ शकत नाही. कडक मर्यादा कुणीही खाली आणू शकतो, पण पुन्हा वर न्यायची तर यंत्राचा मुख्य अधिकार लागतो. आमच्या प्रोग्रामसोबत एक छोटी सेटिंगची फाइल असायची. तिच्यात गिऱ्हाइकाने हव्या त्या मर्यादा लिहायच्या, आमच्या प्रोग्रामने त्या वाचायच्या आणि सिस्टिमला सांगायच्या. वाचायच्या आणि सांगायच्या, बस. यात चुकण्यासारखं काय आहे, असं साहेबांना वाटायचं.

आमच्या गिऱ्हाइकांत विरारच्या चंदनसार भागातल्या नलिनीताई राऊत होत्या. त्यांचं वधूवर सूचक केंद्र होतं. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. आयुष्यभर मराठी आणि गणित दोन्ही शिकवलेलं, त्यामुळे त्यांच्यापुढे बोलताना शब्द आणि आकडे दोन्ही जपून वापरावे लागत. आधी त्यांचं केंद्र जाड रजिस्टरांवर चालायचं. स्थळं फार वाढली तेव्हा त्यांनी एक यंत्र आणि त्याला जोडलेली चार टर्मिनलं घेतली आणि आमच्याकडून 'जुळणी' नावाचा प्रोग्राम करून घेतला. मुलाची माहिती टाइप केली की त्याला जुळणाऱ्या मुली गुणानुक्रमे छापून यायच्या, मुलीची टाइप केली की मुलगे. प्रत्येक स्थळाची वेगळी फाइल. तुलना झटपट व्हावी म्हणून 'जुळणी' सुरू होतानाच सगळ्या फाइली उघडून ठेवायची. हा विचार फारसा चांगला नव्हता, पण तो साहेबांचा होता.

हजारो फाइली उघड्या ठेवायच्या म्हणजे मर्यादा वाढवणं आलं. सगळी स्थळं टाइप करून झाल्यावर रॉनीने नलिनीताईंना सांगितलं, "स्थळांपेक्षा थोडा मोठा आकडा लिहा. नाहीतर अनलिमिटेड लिहा. सिस्टिम स्वतःसुद्धा तोच शब्द वापरते."

हे खरं होतं. सिस्टिमला विचारलं की तुझी मर्यादा काय, तर ती 'unlimited' असंच उत्तर देते. नलिनीताईंनी आकड्यासाठी जागा होती तिथे हा शब्द सुवाच्य लिहिला आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला.

"मेधा, तुझा प्रोग्राम रुसलाय."

"पडद्यावर काय दिसतंय, बाई?" त्यांना सगळेच बाई म्हणत, मीही.

"काही नाही. सुरू कर म्हटलं की गप्प बसतो आणि पुन्हा पहिल्या ठिकाणी येऊन उभा राहतो. माझ्या वर्गात होता असा एक."

"चुका जिथे लिहून ठेवतो ती फाइल उघडून बघता का?"

"बघितली. कोरी आहे. चूक केलीय आणि कबूलही करत नाही."

मी चंदनसारला गेले आणि दुपारभर डोकं खाजवलं. मग उलगडा झाला. अक्षरांच्या ओळीतून आकडा काढायला साहेबांनी एक जुनी सोय वापरली होती. ती ओळीच्या सुरुवातीपासून दिसतील तेवढे आकडे वाचते, पहिलं परकं चिन्ह आलं की थांबते, आणि एकही आकडा मिळाला नाही तर मुकाट्याने शून्य देते. कुरकुर नाही, इशारा नाही. नलिनीताईंनी अमर्याद मागितलं होतं आणि 'जुळणी'ने सिस्टिमला जाऊन सांगितलं होतं की मला शून्य फाइली पुरतात. सिस्टिमनेही बरं म्हटलं. त्यानंतर 'जुळणी'ला एकही फाइल उघडता येईना. ही चूक लिहून ठेवावी म्हणावं, तर ती लिहायची फाइलही उघडता येईना. बिचारी तक्रार पोटात ठेवूनच गेली.

परत येऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, मर्यादा वाचायचा भाग बदलायला हवा. कुणी चुकीचं लिहिलं तर आपण तसं सांगितलं पाहिजे."

"पण चुकीचं लिहीलच कशाला कोणी?"

"नलिनीताईंनी लिहिलं."

"मग त्यांना सांग, शब्द नको, आकडा लिहा."

"आकडाही चुकू शकतो, साहेब."

साहेब दुखावल्यासारखे झाले. "मेधा, त्या गणिताच्या शिक्षिका आहेत."

मी केबिनमधून बाहेर आले. मी फोन लावला. "बाई, अनलिमिटेड काढा आणि पाच हजार लिहा."

"अक्षरी की अंकी?"

"अंकी."

"लिहिते. नीट लिहिते."

सगळा घोटाळा त्या 'नीट'मध्ये होता, पण ते मला तेव्हा कळलं नाही.

पुढच्याच रविवारी केंद्राचा मोठा मेळावा होता. विरारमधला एक हॉल, दारात रांगोळी, आत खुर्च्यांच्या रांगा, एका बाजूला चार टर्मिनलं आणि त्यांच्या पाठीला जोडलेले चार किरकिरे प्रिंटर. आलेल्या कुटुंबाने काउंटरवर माहिती सांगायची, जुळणाऱ्या स्थळांची यादी घ्यायची आणि हॉलमध्येच त्यांना गाठायचं. नाशिकपासून सिंधुदुर्गापर्यंतची माणसं आली होती. खानोलकर साहेब पाहुणे म्हणून आले होते, सोबत त्यांच्या पत्नी वैशालीवहिनी. नलिनीताईंचे जावई प्रशांत चहाच्या टेबलाची व्यवस्था बघत होते. मी आणि रॉनी यंत्राशेजारी उभे होतो. 'जुळणी' एका फटक्यात सुरू झाली तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. त्या आधीच्या गप्प बसण्यापुढे हे फारच बरं वाटलं.

पहिल्या काही याद्या छापून गेल्या. मग नालासोपाऱ्याचे एक गृहस्थ मुलाला घेऊन परत आले.

"मॅडम, दहा स्थळं येतात म्हणाला होतात. आम्हाला एकच आलं."

"गुण जुळले नसतील बाकीचे," मी म्हटलं.

त्यांच्या मागचे गृहस्थ म्हणाले, "आम्हालाही एकच." त्यांच्याही मागून एक जण कागद हलवत म्हणाला, "माधुरी राऊत का?" पहिले दोघं चमकून मागे वळले. तिघांच्याही कागदावर माधुरी राऊत होती. तोवर चहाच्या टेबलापाशी गलका झाला होता. कुणीतरी प्रशांतना विचारलं होतं की ही मुलगी हॉलमध्ये कुठे बसली आहे.

प्रशांतनी कागद वाचला. "ही माझी बायको आहे," ते म्हणाले.

विचारणाऱ्याने गोंधळून आपल्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाला, "कधीपासून?"

माधुरी नलिनीताईंची एकुलती एक मुलगी. यंत्र आलं तेव्हा शिकण्यासाठी नलिनीताईंनी सगळ्यात पहिली नोंद तिची केली होती, कारण तिची उंची, नक्षत्र, शिक्षण सगळं त्यांना तोंडपाठ होतं. लग्नाला बरीच वर्षं झालेली. ती नोंद पुसायची राहून गेली होती. मी लगेच कीबोर्डकडे वळले, कारण दुसरी नोंद कुणाची होती ते मला माहीत होतं.

एवढ्यात ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "श्रीनिवास खानोलकर यांनी कृपया व्यासपीठाजवळ यावं."

साहेबांना वाटलं, सत्कार आहे. ते उठले, सफारीच्या बाह्या नीट केल्या, वहिनींना चष्मा सांभाळायला दिला आणि हसतमुखाने व्यासपीठाशी जाऊन उभे राहिले. शाल-श्रीफळ कुठून येतंय ते बघत. आलं ते दुसरंच. हातात यादी घेतलेल्या आया, मावश्या, काका चारी बाजूंनी त्यांच्याकडे यायला लागले. नऊवारीतल्या एका मावशींनी विचारलं, "मुलगा कुठाय?"

"कुठला मुलगा?"

"श्रीनिवास खानोलकर."

"मीच की."

मावशींनी कागदाकडे पाहिलं, साहेबांच्या टकलाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. "अठ्ठावीस?" त्या म्हणाल्या.

प्रोग्रामचं पहिलं प्रात्यक्षिक दाखवताना साहेबांनी स्वतःचीच माहिती भरली होती. वय जरा उतरवलं होतं. वैवाहिक स्थितीला 'विवाहित' असा पर्यायच नव्हता, कारण वधूवर केंद्रात तो कशाला लागेल, म्हणून 'अविवाहित' निवडलं होतं. वहिनी मागोमाग आल्याच होत्या. त्यांनी मावशींच्या हातातून कागद घेतला आणि साहेबांचा चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवून शेवटपर्यंत वाचला. वय, वर्ण, अविवाहित, सगळं त्यांनी गिळलं. एकाच ओळीवर त्या थांबल्या.

"स्वभाव शांत," त्या म्हणाल्या. "हे कोणी लिहिलं?"

मी तोपर्यंत सेटिंगची फाइल उघडली होती. नलिनीताईंनी खरोखर नीट लिहिलं होतं: 5,000. पाच, स्वल्पविराम, तीन शून्यं. साहेबांची जुनी सोय पाचाचा आकडा वाचून स्वल्पविरामाशी थबकली होती आणि 'जुळणी'ने पाच हजारांऐवजी पाच फाइली मागितल्या होत्या. त्यातल्या तीन जागा प्रत्येक प्रोग्रामच्या जन्मापासून भरलेल्या असतात. एक कीबोर्ड, एक पडदा, एक तक्रारींसाठी. उरल्या दोन. त्या दोन जागांत पहिली आणि दुसरी नोंद बसली. बाकी सगळी स्थळं दाराबाहेर. म्हणून महाराष्ट्रातल्या यच्चयावत मुलांना माधुरी आणि यच्चयावत मुलींना आमचे साहेब.

"काय आहे?" रॉनीने विचारलं.

"स्वल्पविराम."

त्याने वाकून बघितलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

स्वल्पविराम काढायला क्षणही लागला नाही. पण हॉलमधली माणसं उठायला लागली होती. 'फसवणूक' हा शब्द दोन-तीनदा कानावर आला. लांबून आलेले एक वडील मुलीचा हात धरून दाराकडे निघाले होते. ती मुलगी रडवेली झाली होती आणि ते बघून मला पहिल्यांदाच भीती वाटली. इतका वेळ आम्हाला हसू दाबता येत नव्हतं. पण त्या माणसांनी रजा काढून, नवे कपडे घालून, मनाची तयारी करून प्रवास केला होता.

नलिनीताईंनी माइक हातात घेतला. वर्ग शांत करायचा आवाज त्यांच्याकडे अजून होता.

"सगळ्यांनी बसून घ्या. ज्यांना माधुरी राऊत हे स्थळ मिळालंय, ती माझी मुलगी आहे. तिला दोन मुलं आहेत, संसार सुखाचा आहे, आणि चहा देतायत ते तिचे यजमान. त्यांना आता कुणी काही विचारू नका, नाहीतर चहा मिळणार नाही. ज्यांना श्रीनिवास खानोलकर मिळालेत, त्यांनी स्वतःच पाहून खात्री केलेली आहे. यंत्राला वाचता आलं नाही, त्यात तुमचा दोष नाही. नव्या याद्या निघतायत. पहिल्या याद्या मला परत हव्यात, एकूण एक."

हॉल हसला. ते वडीलही थांबले. आम्ही 'जुळणी' पुन्हा सुरू केली, चारही प्रिंटर किरकिरायला लागले आणि प्रत्येकाच्या हातात दहा-दहा नावं पडली. रडवेल्या मुलीला नवी यादी सगळ्यात आधी मी स्वतः नेऊन दिली.

जेवणं झाल्यावर मी नलिनीताईंना झाला प्रकार समजावून सांगितला. "बाई, नुसतं ५००० लिहायचं. मध्ये स्वल्पविराम नको."

त्यांनी माझ्याकडे, मी शुद्धलेखनात चूक केली असावी, तसं पाहिलं. "हजाराच्या जागी स्वल्पविराम देतात. चाळीस वर्षं मी पोरांना तेच शिकवलं. माझा बरोबर आहे. तुझ्या यंत्राला वाचता येत नसेल तर त्याला शिकव."

सोमवारी खाली झाकणं ठोकायला सुरुवात व्हायच्या आत साहेब माझ्या टेबलाशी आले. घरी काय झालं असेल त्याची मी कल्पना केली नाही. "तो मर्यादांचा भाग तू नव्याने लिही," ते म्हणाले. केबिनच्या दारातून पुन्हा वळून म्हणाले, "आणि ती दोन नंबरची नोंद आजच्या आज पूस."

असा साहेबांच्या कोडाला पहिला हात लागला. आकडा वाचायचा तो शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा, मध्ये न कळणारं काही आलं तर अंदाज बांधायचा नाही, 'unlimited' हा शब्द ओळखायचा, सौम्य मर्यादा कडक मर्यादेच्या वर असेल तर नकार द्यायचा. आणि नकार फाइलमध्ये नाही, थेट पडद्यावर, इंग्रजी अक्षरांत का होईना पण मराठीत द्यायचा. रॉनीचं म्हणणं, स्वल्पविराम दिसला की सरळ हाकलून द्यावं. मी म्हटलं, बाईंचा स्वल्पविराम घ्यायचाच, पण तो योग्य जागी असेल तरच.

काम झाल्यावर परीक्षा घ्यायला नलिनीताईंपेक्षा चांगलं कोण मिळणार? त्यांनी चंदनसारच्या घरी आम्हाला पोहे दिले आणि यंत्रासमोर पेपर तपासायला बसल्यासारख्या बसल्या. 'जुळणी'ने 5,000 घेतला. 50,00 नाकारला, तेव्हा "शाब्बास" म्हणाल्या. 5000/- लिहून पाहिलं, नाकारलं. 'पाच हजार फक्त' इंग्रजी अक्षरांत लिहिलं, नाकारलं. वजा सात नाकारलं. मग त्यांनी नवाच्या बटणावर बोट ठेवलं ते ओळ संपेपर्यंत उचललंच नाही. 'जुळणी'ने ते निमूट स्वीकारलं आणि भलताच लहान आकडा पुढे केला.

"हे काय?" नलिनीताई म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. आकडा यंत्राच्या कुवतीपेक्षा मोठा झाला की तो गोल फिरून पुन्हा खालून सुरू होतो, हे मला माहीत होतं. पण इतके नऊ कोण लिहील, असं मला वाटलं होतं. म्हणजे साहेबांना वाटत होतं अगदी तसंच. रॉनीने माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या आणि पोह्यांची दुसरी बशी घेतली. मी तिथेच बसून तेही दुरुस्त केलं.

त्यानंतर मर्यादा हा माझा प्रांत झाला. कुठल्याही गिऱ्हाइकाचं यंत्र अडलं की फोन माझ्याकडे यायचा. लोकांनी आकड्याच्या जागी काय काय लिहिलं ते सांगायला बसले तर वही भरून जाईल. एका वेफर्सवाल्यांनी 'गरजेप्रमाणे' लिहिलं होतं. सगळ्यात नामी होते आमच्याच एव्हरशाईनमधले कॉम्प्युटर क्लासवाले. पोरं खेळ खेळतात म्हणून त्यांनी स्वतःच, आमचा सल्ला न घेता, प्रत्येकाला एका वेळी एकच प्रोग्राम चालवता येईल अशी मर्यादा घातली. सौम्यही आणि कडकही. स्वतःलासुद्धा. मग त्यांचा फोन आला.

"मॅडम, मी आत आहे, पण मला काहीच करता येत नाही."

आत शिरणं हाच एक प्रोग्राम होता. त्यांचा वाटा तिथेच संपला होता. "मुख्य पासवर्डने शिरा," मी म्हटलं. "तो एका प्रोग्राममध्ये लिहून ठेवलाय," ते म्हणाले. "तो उघडता येत नाही." मला जाऊन यंत्र बंद करून खास रीतीने सुरू करावं लागलं. खेळ मात्र पोरांनी खरोखरच थांबवले होते.

माझ्या कामाची खरी कसोटी लागली ती नंतरच्या एका मेळाव्यात. विजेच्या झटक्याने केंद्राचं यंत्र जळालं होतं, ते दुरुस्त होईपर्यंत भाड्याचं आणून त्यात जपलेल्या प्रतीवरून सगळी स्थळं चढवली होती. हॉल भरलेला. मी 'जुळणी' सुरू केली आणि पडद्यावर माझंच वाक्य उमटलं: तुम्ही ५००० मागितलेत, हे यंत्र १०२४ च्या वर जाऊ देत नाही, जुळणी सुरू केलेली नाही.

कडक मर्यादा. ती वाढवायची तर मुख्य पासवर्ड हवा आणि तो यंत्राच्या मालकाकडे. मालक फोन उचलेनात. साहेब घामाघूम झाले.

"मेधा, ती अडवणूक काढून टाक. हजारभर स्थळं तर हजारभर, सुरू तर होऊ दे. थोडी कमी आली म्हणून कुणाला कळणार आहे?"

मी काही बोलणार एवढ्यात नलिनीताई पुढे झाल्या. "थोडी म्हणजे कोणाची, खानोलकर? ज्यांची फाइल उघडणार नाही त्या मुली दिवसभर खुर्चीत बसून राहतील आणि त्यांना वाटेल, आपल्याला कुणी विचारलं नाही. त्यांना कोण सांगणार, तुम्ही?"

साहेबांनी हट्ट सोडला. त्यांना खुर्चीत बसून राहायचा नसला तरी व्यासपीठाशी उभं राहायचा अनुभव होता. नलिनीताईंनी माइक घेतला, यंत्र तयार होईपर्यंत उपवर मुलामुलींच्या आईवडिलांची उखाण्यांची स्पर्धा जाहीर केली आणि रॉनी रिक्षा करून मालकाच्या घरी गेला. तो पासवर्ड घेऊन आला तेव्हा एक आजोबा तिसरा उखाणा घेत होते आणि खाली बसायला तयार नव्हते. त्या दिवशी एकही स्थळ दाराबाहेर राहिलं नाही. सगळ्यांच्या नावापुढे कुणी ना कुणी आलं. लग्नं किती झाली ते मला माहीत नाही, ते माझ्या हद्दीत येत नव्हतं.

पुढे लोक इंटरनेटवर स्थळं बघायला लागले. केंद्रात माणसं यायची बंद झाली. साहेबांनी कंपनी विकली, घेणाऱ्यांनी सगळं नव्याने लिहिलं. माझ्या तपासणीचा मागमूस त्यात राहिला नाही. वाईट वाटलं, नाही असं नाही. नव्या मुलांनी मला विचारलंही नाही की इतक्या ओळी एका आकड्यासाठी का लिहिल्या होत्या. विचारलं असतं तर मी हॉलची गोष्ट सांगितली असती.

एका दुपारी नलिनीताईंनी बोलावून घेतलं. यंत्र आता भंगारात द्यायचं होतं, त्याआधी त्यातली लोकांची माहिती पुसायला मी हवी होते. त्या थकल्या होत्या, ऐकायला कमी येत होतं. मी पुसायला बसले तेव्हा म्हणाल्या, "थांब. मला एकदा त्याची परीक्षा घेऊ दे." आणि त्यांनी आकड्याच्या जागी हळूहळू, एकेक बटण शोधत, इंग्रजी अक्षरांत लिहिलं: पुरे.

'जुळणी'ने उत्तर दिलं: 'पुरे' ही मर्यादा समजली नाही. आकडा लिहा किंवा unlimited लिहा.

नलिनीताई बराच वेळ ते वाचत राहिल्या. मला वाटलं, डोळे भरून आले असतील. त्यांनी चष्मा पुसला आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"समजलं नाही असं कबूल करतो ते चांगलं आहे. पण 'कृपया' राहिलंय. 'कृपया आकडा लिहा.' इतकी वर्षं मी कसं सोडलं हे?"

"बाई, दहा मिनिटांत हे यंत्र बंद करायचंय."

"मग काय झालं?"

मी मूळ कोड उघडला. योग्य ओळीवर गेले, 'कृपया' घातलं, प्रोग्राम पुन्हा बांधला आणि त्यांना चालवून दाखवला. त्यांनी पुन्हा 'पुरे' लिहिलं, उत्तर मोठ्याने वाचलं आणि मान हलवली. मग मी यंत्र पुसायला घेतलं.